बोललं त्यानं, पण दाखवलं कुणी?

२०२० च्या ऑक्टोबरमधलं प्रकरण बऱ्याच जणांना आठवत असेल. हिंदी बिग बॉसचा चौदावा सीझन चालू होता, लॉकडाऊन नुकतंच सैल झालेलं, घरोघरी टीव्ही दिवसभर चालूच. त्यात आपल्या औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची निक्की तांबोळी होती, त्यामुळं मराठवाड्यात तर जरा जास्तच लक्ष देऊन बघायचे लोक. आणि एका एपिसोडमध्ये जान कुमार सानू, गायक कुमार सानूंचा मुलगा, तिला म्हणाला की माझ्यासमोर मराठीत बोलू नको, मला चीड येते. शब्द थोडे इकडंतिकडं असतील पण अर्थ हाच.

पुढं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. मनसेनं इशारा दिला, माफी मागा नाहीतर शूटिंग बंद पाडू. चॅनल चालवणाऱ्या कंपनीनं तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना लगेच माफीचं पत्र दिलं, तो भाग इथून पुढं दाखवणार नाही असं कळवलं. जानला कन्फेशन रूममध्ये बोलावून समज दिली, त्यानं कॅमेऱ्यासमोर मराठी माणसांची माफी मागितली. तिकडं कुमार सानूंनी बाप म्हणून वेगळा व्हिडिओ करून माफी मागितली.

मला त्या वाक्याचा राग आला होता आणि आजही आहे. मुंबईत बसून, मराठी पोरीला मराठीत बोलू नको म्हणायचं, हे कुणालाही लागणारच. पण त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ते वाक्य लाईव्ह नव्हतं ना. घरभर कॅमेरे लावलेले, चोवीस तासांचं शूटिंग, त्यातून तासाभराचा एपिसोड काढायचा. म्हणजे कुणीतरी एडिटिंगच्या खोलीत बसून ते वाक्य ऐकलं, ठेवायचं का काढायचं ते ठरवलं, ठेवलं, वर म्युझिक लावलं, कुणाचे तरी चेहरे मध्ये घातले, चॅनलच्या माणसांनी एपिसोड पास केला आणि मग ते आपल्या घरात आलं. एवढ्या हातांतून गेलेलं वाक्य, आणि माफी मागायला कॅमेऱ्यासमोर बसवला एकटा पोरगा. चॅनलचं पत्र गेलं हे खरं, पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? जान सानू. तो पास करणारा माणूस कोण हे ना कुणी विचारलं ना कुणी सांगितलं.

मी परभणीत कोर्टासमोर टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवतो. दिवसभर करारनामे, प्रतिज्ञापत्रं, भाडेचिठ्ठ्या, साठेखतं हेच टाईप करत असतो. त्यामुळं टीव्हीवर कुठलाही वाद झाला की बाकीचे लोक कोण चूक कोण बरोबर यावर भांडतात, मी मात्र विचार करत बसतो की ह्या माणसाच्या ॲग्रीमेंटमध्ये काय लिहिलं असेल. आणि एकदा खरंच तसं एक ॲग्रीमेंट माझ्या हातात आलं.

गंगाखेडकडचा एक पोरगा. भजनात गायचा, मग लग्नात, मग ऑर्केस्ट्रात, आवाज असा की रस्त्यानं जाणारा थांबेल. एका चॅनलच्या गाण्याच्या शोमध्ये सिलेक्शन झालं. कुठलं चॅनल ते सांगत नाही, कारण मला वाटतं सगळ्यांची कागदपत्रं थोड्याफार फरकानं सारखीच असणार. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली होती, प्रिंट काढायला बापलेक दुकानात आले. प्रिंटरमधून पानं निघायलीत, निघायलीत, थांबेचनात. सगळं इंग्लिश, बारीक अक्षर, प्रत्येक पानाच्या खाली सहीची रेघ. बाप सोयाबीनच्या काढणीतून उठून आलेला, त्यानं त्या गठ्ठ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "भाऊ, एवढे कागद कशाचे? जमीन तर लिहून घेऊ लागले नाहीत ना?"

मी म्हणलं, बाप्पा, बसा, चहा घ्या, एक एक वाचून सांगतो.

तर वाचून जे सांगितलं ते असं. तुमचं नाव, आवाज, फोटो, तुमच्या आयुष्याची गोष्ट ही सगळी आम्ही कायमची आणि जगभर वापरू, परत मागता येणार नाही. तुम्ही जे बोलाल, कराल, त्याची काटछाट, जोडाजोड, मागंपुढं करायचा हक्क आमचा, आणि ते टीव्हीवर कसं दिसतंय याबद्दल तुम्ही तक्रार करणार नाही. शो चालू असताना आणि नंतर अमुक महिने दुसऱ्या चॅनलवर गायचं नाही. पेपरवाल्यांशी बोलायचं नाही, फेसबुक-इन्स्टावर आमच्या परवानगीशिवाय काही टाकायचं नाही. तुमच्या वागण्या-बोलण्यानं चॅनलच्या नावाला धक्का बसला असं आम्हाला वाटलं तर तुम्हाला कधीही, कारण न देता काढू. आणि तुमच्या बोलण्यामुळं कुणी आमच्यावर केस केली तर तो खर्च तुम्ही भरून द्यायचा. वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाऐवजी निवाडा करणारा पंच, मुंबईत.

"असं आम्हाला वाटलं तर" हे शब्द मी दोनदा वाचून दाखवले. धक्का बसला का नाही हे ठरवणार कोण, तर तेच. पुरावा नको, चौकशी नको, नोटीस नको.

बाप शांत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजी लेकरू काई वंगाळ बोललं तर भरून आम्ही द्यायचं. अन् लेकरू नीटच बोललं, अन् ह्यांनी मागंपुढं करून वंगाळ दाखवलं तर?"

मी म्हणलं, तर बी तुम्हीच.

शाळा चौथीपर्यंत झालेल्या माणसानं पाच मिनिटांत जो प्रश्न काढला तो टीव्हीवर चर्चा करणाऱ्या एकाही माणसाच्या तोंडून मी आजपर्यंत ऐकला नाही. एडिटिंगचा अधिकार पूर्ण चॅनलचा आणि बोलण्याची जबाबदारी पूर्ण माणसाची. बटईच्या शेतातसुद्धा पीक अर्धं तर खर्च अर्धा असं काहीतरी असतं, इथं पीक सगळं त्यांचं आणि दुष्काळ सगळा ह्याचा.

पोरानं सही केली. करणारच होता, एकविशीतला पोरगा, आयुष्यात पहिल्यांदा मुंबईचं तिकीट. चॅनलच्या माणसाला फोन करून विचारलं होतं की यातलं एखादं कलम बदलता येईल का, तर सगळे असंच सही करतात, जमत नसेल तर वेटिंगला बाकी मुलं आहेत असं उत्तर आलं. सुरुवातीच्याच राउंडमध्ये तो बाहेर पडला आणि परत आला. त्याचं कुठलं वादग्रस्त बोलणं वगैरे काही नाही, साधा पोरगा आहे. पण परत आल्यावर कित्येक दिवस स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ टाकायला घाबरायचा, कारण त्या कागदावर दंडाचा मोठा आकडा होता.

जगात जिथं जिथं रिॲलिटी शोवाल्यांनी कुणाला बोलण्यावरून काढलंय ती प्रकरणं त्यानंतर मी शोधून शोधून वाचायला लागलो. त्यातलं सगळ्यात जास्त शिकवणारं अमेरिकेतलं आहे.

लुइझियाना राज्यात रॉबर्टसन नावाचं कुटुंब. बदकाच्या शिकारीत बदकासारखा आवाज काढायची शिट्टी असते, ती बनवायचा ह्यांचा सत्तरच्या दशकापासूनचा धंदा. लांब दाढ्या, जंगलातलं राहणं, जेवायच्या आधी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. ए अँड ई ह्या चॅनलनं त्यांच्यावर २०१२ मध्ये 'डक डायनेस्टी' नावाचा शो काढला आणि तो असा चालला की २०१३ च्या ऑगस्टमध्ये चौथ्या सीझनचा पहिला एपिसोड १ कोटी १८ लाख लोकांनी बघितला. केबलवरच्या रिॲलिटी शोसाठी तो तेव्हा विक्रम होता. मग डिसेंबरात घरातला म्हातारा, फिल रॉबर्टसन, जीक्यू मासिकाला मुलाखत देताना समलिंगी लोकांबद्दल अतिशय खालच्या पातळीचं बोलला, आणि वर असंही म्हणाला की त्याच्या लहानपणी, वंशभेदाचे कायदे असतानासुद्धा, शेतात राबणारे काळे लोक आनंदी होते. आपल्याकडं एखादा म्हातारा पाटील "आमच्या काळात गावकुसाबाहेरची माणसं सुखात होती" म्हणतो ना, तसलंच हे बोलणं. मला त्यात बचाव करण्यासारखं काहीही दिसत नाही.

१८ डिसेंबर २०१३ ला चॅनलनं त्याला बेमुदत बाहेर ठेवल्याचं जाहीर केलं. मग कुटुंबानं पत्रक काढलं की घरच्या कर्त्या माणसाशिवाय हा शो पुढं नेण्याची कल्पनाच आम्ही करू शकत नाही. लाखो लोकांनी ऑनलाईन सह्या केल्या. त्या राज्याचा गव्हर्नर बॉबी जिंदाल, भारतीय वंशाचा, तोही म्हाताऱ्याच्या बाजूनं बोलला. एका हॉटेल-दुकानांच्या साखळीनं ह्यांचा माल कपाटातून काढला आणि गिऱ्हाईक चिडल्यावर लगेच परत लावला. २७ डिसेंबरला चॅनलनं बंदी उठवली. नऊ दिवसांत! आणि ह्या नऊ दिवसांत, ख्रिसमसच्या सुट्टीत, त्याच चॅनलवर त्याच म्हाताऱ्याच्या शोचे जुने एपिसोड सलग चालू होते. त्याच्या बोलण्याचा निषेधही चालू आणि त्याच्या चेहऱ्यावर जाहिरातीही चालू.

आता त्याच वर्षातलं दुसरं प्रकरण बघा. पॉला डीन, स्वयंपाकाच्या कार्यक्रमातली तिकडची मोठी बाई. एका कोर्टकेसमध्ये शपथेवर जबाब देताना तिनं कबूल केलं की पूर्वी तिनं काळ्या लोकांसाठी वापरली जाणारी शिवी वापरली होती. जून २०१३ मध्ये हे बाहेर आलं आणि दोन-तीन दिवसांत फूड नेटवर्क चॅनलनं सांगितलं की तिचा करार पुढं चालवणार नाही. तिनं माफीचे व्हिडिओ टाकले, उपयोग झाला नाही. फिलनं चॅनलसमोर मान झुकवली नाही तरी तो परत आला.

मला हा फरक बघून जे वाटलं तेच ह्या पोस्टमध्ये सांगायचंय. चॅनल शिक्षा देतं ती बोलण्याच्या वजनावर देत नाही, तुमच्यावाचून चॅनलचं अडतंय का यावर देतं. फूड नेटवर्ककडं स्वयंपाक करणारे दुसरे दहा जण होते. डक डायनेस्टीत मात्र कुटुंब हाच शो, म्हातारा गेला की पोरं गेली, पोरं गेली की शो गेला, पुढच्या सीझनचं शूटिंग आधीच होऊन पडलेलं ते वाया गेलं असतं. वर त्यांचा मूळ धंदा शिट्ट्यांचा, टीव्ही बंद झाला तरी घरची चूल पेटणार होती. पोटापुरतं स्वतःचं ज्याच्याकडं आहे त्याला चॅनल वाकवू शकत नाही. आमच्या गंगाखेडच्या पोरासारखा जो फक्त आवाज घेऊन गेलाय त्याला एका फोनवर काढतात.

इथं काही जण लगेच अभिव्यक्ती स्वातंत्र्य काढतात. तिकडंही काढलं होतं. पण आपल्या घटनेचं कलम १९ असो का अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती असो, ते स्वातंत्र्य मुळात सरकारविरुद्ध आहे. खाजगी चॅनलनं तुम्हाला कार्यक्रमातून काढलं तर घटनेचं ते कलम दाखवून सहसा उपयोग होत नाही, तिथं तुमच्या हातात फक्त तुम्ही सही केलेला कागद असतो. म्हणून माझं सगळं लक्ष त्या कागदावर आहे.

आपल्याकडं नवज्योतसिंग सिद्धूंचंही तसंच झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामा हल्ल्यानंतर ते म्हणाले की मूठभर लोकांसाठी अख्ख्या देशाला दोष देता येईल का, त्यावरून देशभर संताप उसळला आणि कपिल शर्माच्या शोमधली त्यांची खुर्ची अर्चना पूरनसिंगांना गेली. शो एक आठवडाही थांबला नाही. खुर्ची चॅनलची, बसणारा बदलला. सिद्धू तेव्हा पंजाबात मंत्री होते, त्यांचं पोट टीव्हीवर नव्हतं म्हणून ठीक.

मराठीत किरण मानेंचं प्रकरण झालं ते रिॲलिटी शोचं नाही, मालिकेचं आहे, पण इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. जानेवारी २०२२ मध्ये 'मुलगी झाली हो' मधून त्यांना एकदम काढलं. ते म्हणाले माझ्या फेसबुकवरच्या राजकीय पोस्टमुळं काढलं. चॅनल म्हणालं पोस्टचा काही संबंध नाही, सेटवरच्या स्त्री कलाकारांशी वागणं बरोबर नव्हतं म्हणून काढलं. दोन्हीपैकी खरं काय ह्यात मी पडत नाही, आणि बायकांची तक्रार असेल तर ती गंभीरपणे घेतलीच पाहिजे. पण म्हणूनच तर लेखी चौकशी पाहिजे ना, दोन्ही बाजूंचं ऐकून. ती झाली असती तर त्या बायकांनाही न्याय, त्या माणसालाही. तसं काही लोकांसमोर आलं नाही, महिनाभर नुसती चिखलफेक झाली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या कंपनीच्या चॅनलनं त्यांना मराठी बिग बॉसच्या चौथ्या सीझनमध्ये घेतलं आणि ते फायनलपर्यंत गेले. एका चॅनलवरून वादामुळं माणूस बाहेर जातो आणि दुसऱ्या चॅनलवर त्याच वादामुळं त्याला दार उघडतं.

सगळ्यात वाईट मला जेड गुडीचं वाटतं. २००७ मध्ये इंग्लंडच्या सेलिब्रिटी बिग ब्रदरमध्ये शिल्पा शेट्टीला ती आणि तिच्या मैत्रिणी जे बोलल्या ते आपण बातम्यांमध्ये बघितलंय, पाटण्यात पुतळे जाळले होते लोकांनी. तिचं बोलणं वर्णद्वेषीच होतं. पण ही पोरगी कोण होती? लंडनच्या गरीब वस्तीतली, आईबापाच्या व्यसनात वाढलेली, दातांच्या डॉक्टरकडं मदतनीस म्हणून काम केलेली. २००२ मध्ये ह्याच शोच्या साध्या माणसांच्या सीझननं तिला उचललं, तिच्या अडाणीपणावर देशाला हसवलं, तिला पैसा दिला, आणि पाच वर्षांनी त्याच शोमध्ये तिचा तोच अडाणीपणा विष होऊन बाहेर आला तेव्हा ती एकटी पडली. दुकानांतून तिच्या नावाचं अत्तर काढून टाकलं.

फक्त तिकडं एक गोष्ट झाली जी आपल्याकडं होत नाही. तिथं ऑफकॉम नावाची, टीव्ही चॅनलवर लक्ष ठेवणारी, सरकारनं नेमलेली पण स्वतंत्र अशी संस्था आहे. तिच्याकडं ४४ हजारांहून जास्त तक्रारी गेल्या. मोबाईल विकणाऱ्या कंपनीनं स्पॉन्सरशिप थांबवली. आणि मे २००७ मध्ये ऑफकॉमनं निकाल दिला तो हा शो दाखवणाऱ्या चॅनल फोरच्या विरोधात, की तुम्ही नियम मोडले, आणि तो निकाल तुमच्याच चॅनलवर तुम्हीच वाचून दाखवा. कोण काय बोललं एवढ्यावर ते थांबले नाहीत, ते तुम्ही कसं दाखवलं आणि वेळेवर का आवरलं नाही हे विचारलं. मला हेच पाहिजे आहे, आपल्याकडं, मराठीत.

जेड पुढं २००८ मध्ये आपल्या बिग बॉसच्या दुसऱ्या सीझनमध्ये आली होती, सूत्रसंचालन शिल्पा शेट्टीचंच. घरात असतानाच तिला फोनवर कळवलं गेलं की तुला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. ती निघून गेली आणि २२ मार्च २००९ ला वारली, सत्तावीस वर्षांची. दोन लहान लेकरं मागं ठेवून. त्या खोलीतसुद्धा कॅमेरा होता हे मी विसरू शकत नाही.

मराठी बिग बॉसचा पाचवा सीझन, २०२४ चा, आमच्याकडं जोरात बघितला गेला कारण लातूरचा रितेश देशमुख सूत्रसंचालक आणि निक्की तांबोळी परत घरात. शनिवार-रविवारी भाऊचा धक्का, आठवडाभर कोण काय बोललं त्याचा हिशोब. जान्हवी किल्लेकर पॅडी कांबळेंच्या अभिनयावर नको ते बोलली तर रितेशनं तिला खडसावलं आणि घरातल्या जेलमध्ये टाकलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही घरात बसून बरं झालं म्हणालो, पॅडीसारख्या कष्टानं वर आलेल्या माणसाला असं बोलल्यावर कुणाला बरं वाटेल. रितेशबद्दल मला आदरच आहे. पण ह्या सगळ्या रचनेत बघा, सोमवारी अपमान दाखवायचा, मंगळवारी त्याची झलक फिरवायची, शनिवारी त्याच अपमानाबद्दल झापायचं, रविवारी रडून माफी. अपमानाचा एपिसोड चॅनलचा, शिक्षेचा एपिसोड पण चॅनलचाच, दोन्हीमध्ये जाहिराती. आणि सीझन संपल्यावर ती पोरगी रस्त्यानं चालली की लोक वर्षभर तिलाच बोलणार.

शिव्या किती येतात ह्याचा अंदाज ज्यांनी कमेंट वाचल्यात त्यांना आहे. बायकांना तर काय काय लिहितात, त्यात आपलेच लोक असतात, आपल्या गावचे, देवाचा फोटो डीपीला लावलेले. चॅनल त्यांना वाचवायला येत नाही.

२०१० मध्ये 'राखी का इन्साफ' नावाचा शो होता, त्यात राखी सावंत लोकांची घरगुती भांडणं सोडवायची. त्यात झाशीकडच्या एका तरुणाला भर कार्यक्रमात त्याच्या पुरुषत्वावरून बोललं गेलं, आणि नंतर तो गेला. घरच्यांनी आरोप केला की त्या अपमानानं खचून गेला. राखीवर तक्रार दाखल झाली. सरकारनं नोव्हेंबरमध्ये आदेश काढला की हा शो आणि बिग बॉस रात्री अकरानंतर दाखवा. त्या आदेशाला बिग बॉसपुरती मुंबई हायकोर्टानं स्थगिती दिली. विचार करा, माणूस गेला आणि त्यावर उपाय म्हणून वेळ बदलली. ते रेकॉर्डिंग होतं. ते वाक्य कापता आलं असतं.

आज नियम नाहीत असं नाही. केबल टीव्हीच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली, प्रेक्षकानं तक्रार केली तर चॅनलनं पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं, नाही पटलं तर वाहिन्यांच्या स्वतःच्या संस्थेकडं जायचं, त्याच्या वर सरकार. पण हे सगळं बघणाऱ्यासाठी. जो माणूस पडद्यावर आहे, ज्याचं बोलणं कापून जोडलंय, त्याची तक्रार ऐकायची खास सोय त्यात नाही. त्यानं जायचं कुठं, तर त्या कागदात लिहिलेल्या लवादाकडं, मुंबईला. परभणीहून रात्री देवगिरी एक्स्प्रेस पकडायची, सकाळी उतरायचं, वकील करायचा, लवादाची फी भरायची. गंगाखेडच्या सोयाबीनवाल्यानं हे करायचं?

अमेरिकेत आता वारं हळूहळू फिरायलंय. २०२४ च्या डिसेंबरात तिथल्या कामगार बोर्डानं 'लव्ह इज ब्लाइंड' ह्या शोच्या निर्मात्यांविरुद्ध तक्रार दाखल केली की तुमचे स्पर्धक हे खरं तर तुमचे कामगार आहेत आणि तुम्ही त्यांना बेकायदेशीर अटींखाली ठेवलंय. एकदा कामगार म्हणलं की मग कामाचे तास आले, एकत्र येऊन बोलायचा हक्क आला.

आपल्या कायद्यातही काही गोष्टी आहेत ज्या पोरांना कुणी सांगत नाही. मी वकील नाही, पण वकिलांच्यात बसून आयुष्य चाललंय आणि हे मी खात्री करून घेतलंय. भारतीय करार कायदा १८७२ चा, आजही चालू आहे. त्याचं कलम २७ म्हणतं की माणसाला त्याचा कायदेशीर धंदा-पेशा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. शो चालू असताना दुसरीकडं गाऊ नको हे कोर्ट सहसा मान्य करतं, पण करार संपल्यावरही गाऊ नको म्हणणं टिकणं अवघड. आणि कलम ७४, दंडाचा आकडा कागदावर कितीही मोठा लिहिला असला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. हे मी त्या पोराला वकीलसाहेबांसमोर बसवून समजावलं तेव्हा त्याच्या तोंडावर जे आलं ते बघून वाटलं की हे सही करायच्या आधी कळलं असतं तर. आता तो गातोय, व्हिडिओही टाकतोय, दिवाळीत परळीला कार्यक्रम केला.

मला काय पाहिजे ते साधं आहे. स्पर्धकाशी होणारा करार त्याला कळणाऱ्या भाषेत पाहिजे, मराठी शोचा मराठीत. वादग्रस्त म्हणून ज्या बोलण्यावरून काढणार आहेत त्या प्रसंगाचं न कापलेलं रेकॉर्डिंग त्या माणसाला बघायला मिळालं पाहिजे. काढण्याआधी लेखी कारण आणि त्याचं म्हणणं मांडायला वेळ. चॅनलनं स्वतः कापून, पास करून दाखवलेल्या वाक्याचा खर्च स्पर्धकाच्या माथी मारायचा नाही. आणि भांडण झालं तर ते स्पर्धकाच्या जिल्ह्यात चालवायची सोय. खरोखर जातीवरून, धर्मावरून, बाईवरून विष ओकणाऱ्याला यानं काही सूट मिळत नाही, उलट न कापलेल्या रेकॉर्डिंगमध्ये तो जास्त स्वच्छ दिसेल.

ह्याचं एक निवेदन मी तयार केलंय, एक माहिती व प्रसारण मंत्रालयाला आणि एक राज्याच्या सांस्कृतिक कार्य विभागाला. वकीलसाहेबांनी भाषा तपासून दिलीये. परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, बीड, कुठलेही असा, पटत असेल तर येऊन सही करा, नाहीतर कमेंटमध्ये सांगा, मी पीडीएफ पाठवतो, तुम्ही प्रिंट काढून सह्या गोळा करून पोस्टानं पाठवा. आणि कुणाच्या घरी असं ॲग्रीमेंट आलं असेल तर सही करायच्या आधी घेऊन या, वाचून सांगायचे पैसे मी घेत नाही.